सुट्टीतला रविवार

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या वर्षात मे महिना जरा अडचणीचा असतो. त्याआधीचे दोन-तीन महिने सगळे कसे चढत्या भाजणीत चाललेले असते. राखेचा बुधवार, उपवासकाळाचे चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडेची लांबलचक उपासना आणि मग ईस्टरची पहाट. तोवर शाळांच्या परीक्षा संपतात. गायनमंडळातली अर्धी मुले आजोळी जातात, संडे स्कूलला कुलूप लागते, वडीलधारे लग्नसराईत अडकतात, आणि ईस्टरला जिथे उभे राहायला जागा नव्हती तिथे चार आठवड्यांत बाकांवर हवा खेळू लागते.

यात एक गंमत आहे. पवित्र आत्मा उतरला आणि चर्चचा जन्म झाला, तो पेंटेकॉस्टचा दिवस ईस्टर धरून पन्नासावा येतो. ईस्टरची तारीख दरवर्षी हलत असल्यामुळे हा सण १० मे ते १३ जून यांच्या मध्ये कधीही पडतो. म्हणजे चर्चचा वाढदिवस नेमका आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत येतो आणि पाहुणे घरी नसतात.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे कानउघाडणी. सुट्टीच्या आधीच्या रविवारी व्यासपीठावरून सांगितले जाते की फिरायला जा, पण देवाला विसरू नका. लोक माना डोलावतात आणि निघून जातात. त्यांच्या मनात खोट नसते. माझ्या मते इथे निदानच चुकते. रोजच्या जगण्यात प्रार्थना एकटी उभी नसते, ती कशाला तरी बांधलेली असते. सकाळच्या चहाला, मुलांची स्कूलबस येण्याआधीच्या दहा मिनिटांना, रविवारी आठच्या घंटेला, किंवा ‘येताय ना?’ असे फाटकातून विचारणाऱ्या शेजारच्या मावशींना. सुट्टी लागली की विश्वास जात नाही, या खुंट्या जातात. चहा नऊला होतो, बस येत नाही, घंटा दुसऱ्या गावात राहते आणि मावशी त्यांच्या मुलीकडे पुण्याला गेलेल्या असतात. मग पंधरा दिवसांनी माणसाला जाणवते की आपण बायबल उघडलेलेच नाही. त्यात बंडखोरी नव्हती, नास्तिकपणा नव्हता. उघडायची वेळच आली नाही, एवढेच.

तेव्हा निश्चय किती पक्का आहे यापेक्षा नवी खुंटी कुठे ठोकायची, हा प्रश्न कामाचा आहे. ख्रिस्ती इतिहासात ज्यांनी तो नीट सोडवला त्यांच्याकडे पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

सुट्टीवर जाणे ही सर्वसामान्य माणसाची गोष्ट झाली ती एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये, रेल्वेमुळे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या बाप्टिस्ट गृहस्थाने सुमारे ५०० माणसांना लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले. जाऊन-येऊन माणशी एक शिलिंग. ही सहल होती दारूबंदीच्या सभेची. लोकांनी गुत्त्यात संध्याकाळ घालवू नये, त्याऐवजी सहकुटुंब उघड्या हवेत जावे, हा त्यामागचा धार्मिक हेतू. पुढे याच कुकच्या नावाने जगभर सहली निघू लागल्या. आज सहलीमुळे चर्च ओस पडते म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की आधुनिक सहलीच्या पाळण्याची दोरी एका माजी धर्मोपदेशकाच्या हातात होती.

१८७१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बँकांच्या सार्वजनिक सुट्ट्या ठरल्या. समुद्रकाठची गावे उन्हाळ्यात माणसांनी भरू लागली. त्याच सुमारास, १८६८ मध्ये, वेल्समधल्या लँडुड्नोच्या किनाऱ्यावर जोसाया स्पायर्स नावाचा एक तरुण सुट्टीसाठी आला होता. त्याने वाळूत मोठ्या अक्षरांत देवाच्या प्रेमाविषयीचे एक छोटे वचन कोरले आणि तिथे खेळणाऱ्या मुलांना सांगितले, ही अक्षरे शिंपल्यांनी आणि शेवाळाने सजवा. मुले लागली कामाला. अक्षरे सजेपर्यंत त्याने गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी मुले आपण होऊन आली. व्यासपीठ नाही, बाके नाहीत, नवे कपडे नाहीत, आणि भरती आली की सगळे पुसून साफ. स्पायर्सने मुलांचा खेळ थांबवला नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

यातून जी चळवळ उभी राहिली तिचे पुढचे पाऊल त्याहून साधे होते. इंग्लंडच्या केझिक गावात अ‍ॅनी मार्स्टन या संडे स्कूलच्या शिक्षिका होत्या. आपल्या वर्गातल्या मुलांना रोज बायबलमधला कोणता उतारा वाचायचा, याची यादी त्या लिहून देत. ही कल्पना सगळ्या देशासाठी वापरता येईल असे त्यांनी सुचवले, आणि १८७९ पासून रोजच्या वाचनाची छापील कार्डे निघू लागली. त्यातूनच आज भारतातही काम करणारी स्क्रिप्चर युनियन ही संस्था वाढली. कार्ड खिशात मावते. ते समुद्रावर नेता येते, आगगाडीत नेता येते. आणि मुख्य म्हणजे आज काय वाचू, हा विचारच करावा लागत नाही. सुट्टीत माणूस कंटाळतो तो निर्णय घ्यायला. जेवायचे कुठे, बघायचे काय, निघायचे कधी, यातच डोके शिणून जाते. त्यात ‘आज कोणते पुस्तक, कोणता अध्याय’ ही भर पडली की बायबल पिशवीच्या तळाशी जाते. उतारा आधीच ठरलेला असला की दहा मिनिटे पुरतात.

केझिकचे नाव एरवी प्रसिद्ध आहे ते तिथल्या वार्षिक मेळाव्यासाठी. उत्तर इंग्लंडमधल्या सरोवरांच्या मुलखातले हे डोंगराळ गाव, सहलीला जाण्याचे ठिकाण. १८७५ मध्ये तिथले पाळक हारफर्ड-बॅटर्सबी आणि क्वेकर पंथाचे रॉबर्ट विल्सन यांनी पाळकांच्या घराच्या हिरवळीवर तंबू ठोकून प्रार्थनासभा भरवली. पुढे दर उन्हाळ्यात लोक सुट्टी घेऊनच तिथे येऊ लागले. सकाळी प्रवचन, दुपारी डोंगर, संध्याकाळी पुन्हा तंबू. वेगवेगळ्या पंथांची माणसे एकत्र बसत. आपापल्या गावी ती एकमेकांच्या चर्चची पायरीही चढली नसती. सुट्टीच्या गावात मात्र कुणाचेच गाव नसल्यामुळे ते जमून गेले.

या केझिकशी महाराष्ट्राचे एक नाते आहे. १८९८ मध्ये पंडिता रमाबाई या मेळाव्याला गेल्या होत्या आणि तिथे जमलेल्यांना त्यांनी भारतासाठी प्रार्थना करायला सांगितले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तेव्हा दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली-बायकांचा मोठा संसार त्या चालवत होत्या. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी लाट उसळली तिचा इतिहास लिहिणारे केझिकचा उल्लेख टाळत नाहीत. एवढे खरे की रमाबाईंच्या स्वतःच्या आयुष्यात सुट्टी नावाचा प्रकार जवळजवळ नव्हताच. ज्यांना होती त्यांच्या तंबूत जाऊन त्या काम मागून आल्या.

सगळेच प्रयोग असे हसतखेळत झाले नाहीत. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर मेथडिस्टांनी १८६९ मध्ये ओशन ग्रोव्ह हे सुट्टीचे गाव वसवले. समुद्रस्नान आणि उपासना एकाच ठिकाणी, हा हेतू चांगला होता. पण रविवारी गावात गाडी आणायलाच बंदी. शनिवारी मध्यरात्रीच्या आत लोकांना आपापल्या मोटारी गावाबाहेर नेऊन उभ्या कराव्या लागत. हा नियम एकोणिसशे सत्तरच्या दशकापर्यंत टिकला. १९७९ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या धार्मिक संस्थेचे गावावरचे पालिकेसारखे अधिकार काढून घेतले तेव्हा कुठे चाके मोकळी झाली. साखळी लावून शांतता मिळते, भक्ती मिळेलच असे नाही.

पण खुंटी ठोकण्याचा उत्तम नमुना पाहायला इतके लांब जायची गरज नाही. तो वांद्र्याच्या, गिरगावच्या, वसईच्या गल्लीत आणि गोव्याच्या वाड्यावाड्यांत उभा आहे. रस्त्याच्या कडेचा क्रूस. मुंबईत यातले कित्येक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. लोकांनी नवस केले, घरांच्या तोंडाशी क्रूस लावले. साथ गेली, क्रूस राहिले. मे महिन्यात त्यांना रंग दिला जातो, झेंडूच्या माळा चढतात, दिव्यांची तोरणे लागतात. पूर्वी ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता. १९६० मध्ये रोमच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून तो वगळला गेला, पण आपल्या गावठाणांना आणि गोव्यातल्या वाड्यांना त्याची फारशी खबर नसावी. त्यांचा मे अजून क्रूसाचाच आहे. मे हा कॅथलिकांत मरियेचा महिनाही मानतात, त्यामुळे रोझरीही त्याला जोडली जाते.

या प्रार्थनेची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. संध्याकाळी ऊन उतरले की लोक क्रूसापाशी जमतात. फादर असलेच पाहिजेत असे नाही. गल्लीतली कुणी जाणती बाई किंवा बाप्या पुढे होऊन म्हणतो. रोझरी होते, मग लादाईन ही गाऊन म्हणायची प्रार्थना. गोव्यात ती अजूनही पुष्कळ ठिकाणी लॅटिनमधून, दोन-तीन सुरांत आणि व्हायोलिनच्या साथीने गातात. ज्यांना लॅटिनचा एक शब्द कळत नाही तेही बरोबर ताल धरतात. तासाभरात आटोपते. मग द्रोणात उकडलेले चणे येतात, मुले त्यासाठीच थांबलेली असतात, आणि गोव्यात मोठ्यांसाठी फेणीचा घोटही असतो. आजची प्रार्थना एका घराकडे, उद्याची दुसऱ्या घराकडे, असे वाटून घेतलेले असते.

आता पाहा, सुट्टीने जे जे हिरावून घेतले ते ते इथे परत आले आहे. वेळ ठरलेली, पण सुट्टीला सोयीची. जागा घरापासून वीस पावलांवर. मुलांना काम आहे, फुले आणणे आणि मेणबत्त्या सांभाळणे. मुंबईहून किंवा आखातातून सुट्टीला आलेला भाऊ इथे पाहुणा नसतो. तो आल्यामुळेच गर्दी वाढते. जी सुट्टी चर्चची बाके रिकामी करते तीच या क्रूसाभोवतीची जागा भरून काढते. हे कुणी योजनेच्या बैठकीत ठरवले नव्हते. लोक मे महिन्यात गावी असतात, म्हणून भक्ती तिथे गेली.

मराठीतल्या पहिल्या ख्रिस्ती महाकाव्यामागेही असाच एक रिकाम्या वेळेचा प्रश्न आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही सोडायला लावलीत, तर त्यांच्या जागी काही द्याल की नाही? हा प्रश्न धर्मसिद्धान्ताचा नाही. चातुर्मासात, लांब संध्याकाळी, शेतातली कामे नसताना पुराण ऐकायची सवय असलेल्या समाजाचा तो प्रश्न आहे. मिसेला जाणे समजले, प्रश्नोत्तरी पाठ करणे समजले, पण उरलेल्या वेळेचे काय करायचे? स्टीफन्सनी त्याला ओव्या रचून उत्तर दिले, आणि तेही याच मातीतल्या चालीवर. पुढे तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाची वाट मोकळी केली. तीही याच जातीची देणगी. अभंगाला ना ऑर्गन लागतो ना इमारत. आगगाडीच्या डब्यात टाळी पुरते.

हे सगळे सांगताना एक धोकाही दिसतो. धार्मिक माणसाला रिकामा वेळ सहन होत नाही. सुट्टी मिळाली की तो तिचे शिबिर करतो, शिबिराचे वेळापत्रक करतो, आणि घरी येतो तेव्हा आधीपेक्षा जास्त थकलेला असतो. बायबल याबाबतीत अधिक उदार आहे. एलीया हा संदेष्टा राणीच्या भीतीने पळत रानात गेला आणि एका झुडपाखाली मरण मागत पडला. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला दिले. डोंगरावर देवाशी बोलणे झाले ते त्यानंतर. मार्कच्या शुभवर्तमानात शिष्य प्रवासाहून दमून आले तेव्हा येशू त्यांना माणसांपासून दूर एका निवांत जागी घेऊन निघाला, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. अर्थात लोक किनाऱ्याने धावत आधीच तिथे पोचले आणि पाच हजारांच्या जेवणाचा प्रसंग घडला. सुट्टी बुडाली. पण ती घ्यायला निघणे चूक होते असे तिथे कुणी म्हणत नाही.

विश्रांती आणि साधना यांचा मेळ कसा घालावा, याचा भारतातला एक जुना प्रयोग कुमाऊंच्या डोंगरात आहे. नैनितालजवळच्या सातताल येथे अमेरिकन मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० मध्ये उन्हाळ्यासाठी आश्रम सुरू केला. मैदानी भागातला उकाडा टाळायला गोरे लोक डोंगरावर जात, क्लब आणि मेजवान्यांत मोसम घालवत. जोन्सनी त्याच मोसमात, त्याच थंड हवेत निराळी राहणी मांडली. दिवसाची सुरुवात मौनाने. भारतीय आणि परदेशी एका पंगतीला. सगळ्यांनी अंगमेहनतीचे काम करायचे. आठवड्यातून एक दिवस सफाई कामगाराला सुट्टी आणि त्याचे काम आश्रमवासीयांनी वाटून घ्यायचे. १९३० च्या हिंदुस्थानात शौचकूप साफ करायला रेव्हरंड आणि प्राध्यापक उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती.

सातताल असो वा केझिक, सगळ्यांना काही शक्य नाही. आपला माणूस चार दिवस महाबळेश्वरला किंवा कोकणात जातो आणि त्यात एक रविवार असतो. कॅथलिकांसाठी नियम स्पष्ट आहे. रविवारच्या मिसेचे बंधन सुट्टीत सुटत नाही, मात्र १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार शनिवारी संध्याकाळची मिसाही त्यासाठी चालते, आणि ती कोणत्याही गावच्या चर्चमध्ये चालते. धर्मगुरूच नसेल किंवा तसेच गंभीर कारण असेल तर घरच्यांनी मिळून प्रार्थनेत वेळ घालवावा, अशी शिफारस त्याच संहितेत आहे. प्रॉटेस्टंटांत असे कलम नाही, त्यामुळे तिथे सगळे घरच्या वळणावर अवलंबून. माझा अनुभव असा की निघायच्या आधी चर्चचा पत्ता आणि वेळ शोधून ठेवली तर जाणे होते. तिथे गेल्यावर बघू म्हटले की होत नाही. आणि परक्या गावच्या चर्चमध्ये जाण्याचा एक आनंदही असतो. तेच गीत वेगळ्या चालीवर, तोच विधी दुसऱ्या बोलीत, आणि उपासना संपल्यावर कुठून आलात, जेवायला कुणाकडे आहात, असे विचारणारी माणसे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर मोबाइलवरची उपासना हा तिसरा पर्याय आला आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तो आशीर्वाद आहे. रिसॉर्टच्या खोलीत एका कानात इयरफोन घालून, दुसऱ्या हाताने नाश्ता करत पाहिलेली उपासना मात्र मला उपासना वाटत नाही, जुने कर्ज हप्त्याने फेडल्यासारखी वाटते. त्यापेक्षा मोबाइल बंद करून मुलांबरोबर एक स्तोत्र मोठ्याने वाचलेले बरे.

शब्बाथाच्या आज्ञेतला एक भाग सुट्टीच्या बोलण्यात बहुधा गळतो. अनुवादाच्या पुस्तकात ती आज्ञा केवळ घरधन्याला विसावा देत नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, यांनाही त्या दिवशी थांबता आले पाहिजे, असे तिथे नावे घेऊन म्हटले आहे. आता गोव्यातला नाताळ पाहा. २४ डिसेंबरच्या रात्री देशभरातून आलेले पर्यटक किनाऱ्यावर असतात आणि त्यांच्यासाठी ट्रे घेऊन फिरणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या कामगारांत कितीतरी ख्रिस्ती असतात. मध्यरात्रीच्या मिसेची घंटा त्यांना कामावरून ऐकावी लागते. आपल्या सुट्टीची किंमत दुसऱ्याचा सण असतो, आणि ही किंमत घेणाऱ्यांत सुट्टीवर गेलेले ख्रिस्तीही असतात.

म्हणून या मे महिन्यात गाडी ठरवाल तेव्हा एवढे करा. रविवारी सकाळी निघण्याची वेळ दोन तासांनी पुढे ढकला आणि ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगा की सकाळ तुमची आहे. तो चर्चला जाईल, देवळात जाईल, नमाज पढेल किंवा गाडीत पाय पसरून झोपेल, ते त्याच्यावर सोडा. तेवढ्या दोन तासांत तुमचीही उपासना होऊन जाईल.